दुर्कस नावाच्या बाईला शिवता येत नव्हतं

दुर्कस, परवा तुझ्या मातीला आले तेव्हा माझ्या पिशवीत एक झबलं होतं. गझालानं दोनदा विचारलं, "अम्मी, पिशवी एवढी घट्ट का धरलीयेस?" मी म्हटलं, औषधाच्या गोळ्या आहेत. पोटच्या लेकीला थाप मारली आणि चर्चच्या बाकावर बसून राहिले.

समोर तू पेटीत. तुमचे नवे पाळकसाहेब तुझ्याबद्दल बोलत होते. वयानं माझ्या नातवासारखे, पण पोराचा आवाज चांगला आहे. म्हणाले, दुर्कसबाई नावाप्रमाणे जगल्या. शास्त्रातली दुर्कस गोरगरिबांसाठी कपडे शिवायची, आणि आपल्या दुर्कसबाईंनीही या भागातल्या किती बाळांना पहिलं झबलं स्वतःच्या हातानं शिवून घातलं. बायका माना डोलावत होत्या. मला वाटलं, आता ही उठून बसते आणि म्हणते, "ओ पाळकसाहेब, मला साधं बटण लावता येत नाही."

तू उठली नाहीस. मग ते काम माझ्यावर आलं. तू मला किती वेळा बजावलं होतंस, "जैबू, मी गेल्यावर तरी खरं सांगून टाक गं बाई." आणि दर वेळी मी एकच उत्तर द्यायचे, "आधी जा तर खरी." आता तू खरीच गेलीस, आणि मी हातात पिशवी धरून विचार करत बसले होते की तोंड उघडावं की नाही. आयुष्यभर आपण भांडलो ते याच गोष्टीवरून, दुसरं भांडायला होतंच काय आपल्यात.

तुला आठवतं, तू पहिल्यांदा आमच्या दुकानात आलीस तो दिवस? पिंपरीला औषधाचा कारखाना नुकता उभा राहत होता. चिंचवडच्या बाजारात आमचं शिलाईचं दुकान, पुढे पायमशीन, मध्ये पडदा, पडद्यामागे सासू, चूल आणि मी. आमच्या यांना सगळे इब्राहिममास्तर म्हणायचे. तू नगरकडून बदलून आलेली नर्स. पांढरी साडी, पायात काळे बूट, काखेत छत्री. गावोगाव जाऊन बाळंतिणी बघायचं तुझं काम होतं. दुकानाच्या फळीवर कापडाचा एक तुकडा ठेवून तू म्हणालीस, "मास्तर, झबलं कसं शिवतात ते शिकवाल का? आजच्या आज?"

हे म्हणाले, "बाई, आजच्या आज सुईत दोरा ओवायला शिकवतो. पुढचं पुढच्या महिन्यात."

मी पडद्यामागे खुदकन हसले. तू पडदा बाजूला करून आत डोकावलीस. परक्याच्या घरात असं डोकावू नये हे तुला कुणी शिकवलंच नव्हतं.

"कोण हसलं?"

"मी."

"मग तूच शिकव."

तुझी गत झाली होती ती तुझ्या नावामुळे. आल्या आल्या पहिल्या रविवारी उपासनेला गेलीस, नाव विचारलं, तू सांगितलंस. त्या वेळचे म्हातारे पाळक इतके खूश झाले की तिथल्या तिथे जाहीर करून बसले, आपल्या मंडळीत दुर्कस आली आहे, आता गरीब बाळांचे कपडे शिवायचं काम तिच्याकडे. तुला तोंड उघडायलाही जागा ठेवली नाही. तू चुलीशी बसून माझ्या भाकरीचा तुकडा मोडत म्हणालीस, "शास्त्रातल्या रूथचं नाव ठेवलेल्या बाईला कुणी शेतात सरवा वेचायला धाडत नाही. मार्थाला कुणी स्वयंपाकाला जुंपत नाही. माझंच नशीब फुटकं."

सासूनं विचारलं, "मग सांगायचं ना, येत नाही म्हणून."

"कसं सांगू, चाची? नाव दुर्कस, आणि शिवता येत नाही. मारुती नाव ठेवावं आणि ओढा ओलांडता येऊ नये, तसं झालं."

सासू इतकी हसली की तिला ठसका लागला. त्या दिवसापासून तू घरची झालीस.

मी तुला शिकवायचा प्रयत्न केला, अल्लाची शपथ. पण तुझे हात त्यासाठी नव्हतेच. आडवं आलेलं मूल त्याच हातांनी वळवायचीस, आणि धावदोरा घालायला बसलीस की ओळ बांध सोडून रानात शिरायची. शेवटी मी कापड हिसकावून घेतलं. म्हटलं, तू आण, मी शिवते. दुपारी आमचे हे जेवून आडवे झाले की मशीन रिकामं असायचं. सासूही डोळा लावायची. तेवढ्यात माझी टीप मारून व्हायची. हे खरंच झोपायचे की नुसते डोळे मिटून मशीनचा आवाज ऐकत पडायचे, ते मी कधी विचारलं नाही. पण मशीनला तेल दर आठवड्याला घातलेलं असायचं.

आता ऐक, ते पाळकसाहेब काय सांगायचे राहिले ते. त्यांना माहीत नाही म्हणून राहिले.

आपल्याकडे बाळाला पहिलं झबलं नव्या कापडाचं घालत नाहीत. म्हाताऱ्या माणसाच्या अंगावरचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं कापड घ्यायचं आणि त्याचं शिवायचं. म्हाताऱ्याचं आयुष्य बाळाला लागतं म्हणतात. हे तुमच्यातही, आमच्यातही, रानातल्या पाटलाकडेही तेच. पण कारखान्याच्या बांधकामावर मराठवाड्यातून, कोकणातून माणसं आली होती, त्यांच्या झोपड्यांत म्हातारं माणूस कुठून असणार? म्हातारी माणसं गावाकडं राहिली. तिथं बाळ जन्मलं की आईच्या पदरात तसंच उघडं. एकदा तू आलीस ती रागानं लाल होऊन. म्हणालीस, "जैबू, एक बाई नवं कापड हातात घेऊन रडत बसलीय. घालायला धजत नाही. म्हणते, म्हाताऱ्याचं न्हाई तर माझं लेकरू जगंल कसं."

आणि तू गेलीस चिखलीला. तेव्हाची चिखली म्हणजे ज्वारीची रानं आणि चार आळ्या. आता तिथं वर्कशॉपच्या पत्र्यांतून आभाळ दिसत नाही. तिथल्या एका म्हाताऱ्याला तू सरळ म्हणालीस, "आबा, तुमचं जुनं धोतर द्या. तुमचं आयुष्य एका लेकराला लावायचंय."

म्हातारा म्हणाला, "माझं सरलं की न्हाई मग?"

"सरत नाही. वाटलं की वाढतं."

त्यानं धोतर दिलं. ते तू उकळलंस, दवाखान्यातल्या पट्ट्या उकळतात तसं, वाळवलंस, माझ्यापुढं आणून टाकलंस. मी शिवलं. तू बांधकामावर नेऊन दिलंस आणि त्या बाईला सांगितलंस, हे चिखलीच्या एका आबाचं आहे, पक्कं म्हातारं माणूस, अजून मोट हाकतं. बाईनं आधी झबल्याला हात जोडले आणि मग लेकराला घातलं.

तिथून सुरुवात झाली. तू रहाटणीला गेलीस, काळेवाडीला गेलीस, चाकणच्या बाजारात कांदे टाकून परत येणाऱ्या रिकाम्या बैलगाडीत बसून कुठकुठून कुणाकुणाची धोतरं, लुगडी, मुंडाशी घेऊन आलीस. आमच्या मोहल्ल्यातल्या दादीमाँची ओढणी ब्राह्मणाच्या नातीला गेली आणि पाटलाच्या आईचं लुगडं आमच्या खाटकाच्या पोराला. कुणाचं कुणाला हे तू बरोबर सांगायचीस, लपवायची नाहीस. मला वाटायचं कुणीतरी नाक मुरडणार. एखाददुसऱ्यानं मुरडलं असेल, तू ते मला सांगितलं नाहीस.

आणि जिकडं तिकडं नाव झालं तुझं. दुर्कसबाईंनी शिवलेलं झबलं.

तिथंच तू अडून बसायचीस. "लोक मला हात जोडतात, जैबू. शिवतेस तू. मी सांगणार."

"खबरदार. आमच्यात म्हणतात, उजव्या हातानं दिलेलं डाव्या हाताला कळू नये."

"आमच्यातही तेच म्हणतात. पण आपल्यात मी कुठला हात ते तरी सांग."

"तू पाय आहेस. गप चालत राहा."

यावर तू हसलीस, पण तेवढ्यापुरती. तुला ते लागायचं. मला तेव्हा कळायचं नाही की एवढं काय लागायचं त्यात. फुकटचं कौतुक मिळतंय तर घ्यावं माणसानं. मग एक दिवस मटार सोलता सोलता तू मला त्या नावाची गोष्ट सांगितलीस.

म्हणालीस, ती मूळची बाई यापो नावाच्या बंदराच्या गावची. तिला नावं दोन. घरच्या भाषेत टबीथा आणि ग्रीक बोलणाऱ्या लोकांत दुर्कस. दोन्हीचा अर्थ एकच, हरिणी. ज्या दारात जी भाषा, तिथं ते नाव. ती विधवांचे कपडे शिवायची. आजारी पडून मेली. तेव्हा एका शिष्याला बोलावलं, तो आला तर माडीवर सगळ्या विधवा रडत उभ्या, आणि प्रत्येकीच्या हातात तिनं शिवलेला कपडा. हे बघा, हा तिनं शिवला, हा तिनं शिवला. त्यानं सगळ्यांना बाहेर काढलं, गुडघे टेकले, मग तिला नावानं हाक मारली, ऊठ म्हणाला, आणि तिनं डोळे उघडले.

"आणि?"

"आणि उठून बसली."

मी म्हटलं, हाक मारली म्हणून? तू म्हणालीस, हाक मारली म्हणून. मला ते फार आवडलं. तुझ्या आईला मात्र ते उठणंबिठणं आवडलंच नव्हतं. तुझी आई बाप्तिस्मा घ्यायच्या आधीची रखमा, नंतरचीही रखमाच. तिनं स्वतःचं नाव बदलू दिलं नाही. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण मिशनच्या वर्गात ही गोष्ट ऐकली आणि ठरवून टाकलं की मुलगी झाली तर दुर्कस. कारण काय, तर एका बाईसाठी एवढ्या बायका रडल्या. तिच्या आईसाठी कुणी रडलं नव्हतं, दुष्काळात तशीच रस्त्याच्या कडेला गेली होती. "माझ्या लेकीसाठी बायका रडल्या पाहिजेत," हे तुझ्या आईचं म्हणणं. तू सांगताना मटाराच्या शेंगा तशाच हातात धरून बसलीस.

मग म्हणालीस, "आता बघ, त्या उद्या माझ्यासाठी रडतील त्या कशासाठी? तुझ्या टिपांसाठी."

मी म्हटलं, "वेडी आहेस. नाव म्हणजे त्याचा अर्थ. तुझ्या नावाचा अर्थ हरिणी. सकाळी चिखलीला, दुपारी रहाटणीला, पायांत काय घातलंयस देव जाणे. तुझ्याइतकं नाव कुणाला शोभलंय?"

"अर्थ पुस्तकात असतो. नाव म्हणजे ते आधी ज्यांनी अंगावर घातलं ती माणसं. आपल्या झबल्यांसारखं. म्हाताऱ्याचं कापड अंगावर घेतलं की त्याच्यासारखं जगायला लागतं. मी त्या बाईचं घेऊन बसलेय आणि मला तिच्यासारखं करता येत नाही."

मला उत्तर सुचलं नाही की मी चिडते. मी म्हटलं, मटार सोल.

त्या साली नाताळात तर कहर झाला. पाळकांनी तुला पुढं बोलावून सगळ्या मंडळीसमोर कापड कापायची मोठी कात्री भेट दिली. चांगली, जड, पितळी मुठीची. तू ती घेऊन तशीच तरातरा माझ्याकडं आलीस आणि पुढ्यात ठेवलीस. "ही तुझी."

"माझ्याकडं आहे."

"जैबू, पुढच्या रविवारी मी उभी राहून सांगणार."

"सांग. त्या दिवसापासून मी मशीनला हात लावणार नाही. मग झोपडीतल्या पोरांना तू शिवून घाल."

हे मी बोलले आणि तू उठून गेलीस. कात्री तशीच घेऊन गेलीस. मी का अडून बसले होते हे तेव्हा तुला सांगितलं नाही, आज सांगते. मला त्या दुपारी माझ्या एकटीच्या हव्या होत्या. लग्न होऊन आल्यापासून माझं म्हणून काही नव्हतं त्या घरात, अंगावरची बांगडीसुद्धा सासूची. ते दुपारचं मशीन तेवढं माझं होतं, कुणाला ठाऊक नसलेलं. तू बोलली असतीस तर बायका दारात आल्या असत्या, जैबूनभाभी जैबूनभाभी केलं असतं, आणि ते सगळ्यांचं झालं असतं. बाकी तो उजव्या-डाव्या हाताचा हवाला मी आपला तोंडी लावायला घेतला होता.

तू रविवारी बोलली नाहीस. काहीतरी वेगळंच करायला लागलीस, ते मला नंतर कळलं.

मला दिवस गेले होते. नववा लागला होता, पोट पुढे आणि मी मागे अशी चालायची. तू बरेच दिवस फिरकली नाहीस, मी सासूजवळ तुझ्या नावानं बोटं मोडायची. मग एका दुपारी आलीस आणि एक पुडकं माझ्या मांडीवर ठेवलंस.

"उघड. तुझ्या बाळासाठी. माझ्या आईच्या लुगड्याचं आहे. मी शिवलंय. माझ्या हातानं, कुणाला विचारलं नाही, कुणाला दाखवलं नाही."

रखमाआईचं लुगडं, हिरव्या रंगाचं, धुऊन पोपटी झालेलं. बाह्या बऱ्यापैकी जमल्या होत्या. एक जरा लांब होती, पण बाळ काय तक्रार करणार. घेर ठीक. नाडीसुद्धा लावली होतीस. मी उलटून पालटून बघत होते आणि तू माझ्या तोंडाकडं. मी कधी कुणाला इतकं घाबरलेलं बघितलं नाही. मी बाळाचं डोकं घालायचं तिथं बोटं घातली. बोटं जाईनात. पुन्हा बघितलं. गळ्याची पट्टी लावताना तू पुढचा आणि मागचा पदर एकत्र शिवून टाकला होतास. बारीक, घट्ट, मन लावून. अख्ख्या झबल्यात तेवढीच शिलाई सरळ होती.

"दुर्कस," मी म्हटलं, "याचं डोकं कुठनं काढायचं?"

तू हातात घेतलंस. बघितलंस. आणि आपण दोघी हसायला लागलो. तू भिंतीला टेकून खाली बसलीस, मी पोट धरलं, सासू आतून आली आणि काय झालं ते कळायच्या आधीच तीही हसायला लागली. हसता हसता मला कळ आली. मी अजून हसतेच आहे आणि तू उठून उभी राहिलीस. तुझा चेहरा बदलला. बाह्या वर केल्यास, सासूला पाणी ठेवायला सांगितलंस, यांना दुकानाबाहेर हाकललंस. ती पितळी मुठीची कात्री तुझ्या पिशवीत होती, ती उकळायला टाकलीस. मी ओरडले, शिव्या दिल्या, तुझ्या मनगटावर नखं रुतवली. तू म्हणत होतीस, "दे शिव्या, दे, जोर खाली लाव." तुझ्या हातांना तेव्हा काहीही शिकवायची गरज नव्हती.

माझ्या गझालाची नाळ त्या कात्रीनं कापली गेली. ते झबलं अंगात घालता येईना म्हणून तू तिला त्यात गुंडाळलंस. एकदा रडली आणि जी झोपली ती उठेचना. तू म्हणालीस, "ही आळशी निघणार." शब्द खरा झाला बघ. शाळामास्तरीण होऊन रिटायर झाली, नवरा गेल्यावर माझ्याकडं राहायला आली, पण आजही हाक मारल्याशिवाय डोळा उघडत नाही.

मी तुला म्हटलं होतं, टीप उसवून देते, गळा मोकळा होईल. तू म्हणालीस, उसव. मी उसवलं नाही.

त्यानंतर तू सांगायचा हट्ट सोडलास. म्हणजे, सोडलास असं मला वाटलं. झबली आपली चालू राहिली. पुढं हळूहळू लोकच नवं कापड घालायला लागले, बाजारात तयार मिळायला लागलं, जुन्या धोतराचं कुणाला काही वाटेना. तुझी नोकरी संपली, आमचे हे गेले, मशीन मुलानं विकलं. आपण दोघी म्हाताऱ्या झालो. तू भाच्याकडं राहायला गेलीस, अंथरुणाला खिळलीस, आणि मी भेटायला आले की तुझी तीच रेकॉर्ड. "जैबू, आता थोडे दिवस. मी गेल्यावर सांग गं. आईला वर जाऊन काय तोंड दाखवू?" मी म्हणायचे, आधी जा तर खरी. शेवटच्या वेळीही तेच म्हणाले. दुसरं काय म्हणणार? चांगलं बोलले असते तर तुला कळलं असतं की आता खरंच वेळ आली.

तर परवा पाळकसाहेबांचं बोलून झालं आणि त्यांनी विचारलं, कुणाला दोन शब्द बोलायचेत का. मी काठी टेकून उभी राहिले. गझाला दचकली. सगळे मागं वळून बघायला लागले, ही बुरख्यातली म्हातारी कोण म्हणून.

मी म्हटलं, "दुर्कसला शिवता येत नव्हतं."

पाळकसाहेबांचा चेहरा तर बघण्यासारखा होता. मी म्हटलं, झबली मी शिवली. मी इब्राहिममास्तरची बायको. तिला हे सांगायचं होतं, मी आयुष्यभर सांगू दिलं नाही. आता तिनं सांगितलं असं समजा. कापड मात्र तिनं आणलं. कुणाच्या दारात कुणाचं आयुष्य मागायला जायचं, ते तिला कळायचं. मला कुणी सांगितलं असतं तर मी एकसुद्धा धोतर आणू शकले नसते.

मागच्या बाकावरून एक म्हातारा उठला. डोक्याला फेटा, हातात कापडी पिशवी. म्हणाला, "माझं व्हतं की. आमी बांधकामावरचे. आई सांगायची, चिखलीच्या आबाच्या धोतराचं झबलं व्हतं तुझं. तो आबा लई वर्सं जगला म्हनं. मी बी हाय अजून."

मग मी पिशवीतून ते झबलं काढलं आणि वर धरलं. म्हटलं, हे एवढं एक तिनं शिवलं. आपल्या आईच्या लुगड्याचं.

बायका जवळ आल्या. एकीनं हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं. "अगं बाई," ती म्हणाली, "याला गळाच नाही."

आणि दुर्कस, तुझ्या पेटीशेजारी बायका हसल्या. तोंडाला पदर लावून हसल्या, आणि हसता हसता डोळे पुसायला लागल्या, आणि मग नुसत्याच रडल्या. माझ्या टिपांसाठी कोण रडतंय? मी शिवलेलं एकसुद्धा उरलेलं नाही. पोरांनी घातली, विटली, चुलीपाशी फडकी झाली, गेली. चांगलं शिवलेलं कापड असंच जातं. तुझं राहिलं, कारण ते कुणाला घालताच आलं नाही. गोष्टीतल्या बायकांच्या हातात कपडे होते, आमच्या हातात हा एकच होता. रखमाआईला सांग, रडल्या म्हणून. कशासाठी ते त्यांना ठाऊक होतं.

भाचा म्हणाला, पेटीत ठेवायचं का, मावशीबरोबर? मी नाही म्हटलं. ते माझ्या लेकीचं आहे.

एक गोष्ट मात्र मी तिथंही बोलले नाही. ती फक्त तुझी आहे. बाळाची छठी होती तेव्हा तू विचारलं होतंस, गझाला नाव कुणी काढलं? मी म्हटलं, सासूनं. साफ खोटं. सासूला फातिमा हवं होतं. मी यांना आदल्या दिवशी दुकानात विचारलं होतं, हरिणीला आपल्यात काय म्हणतात. हे टीप मारायचे थांबले. मान वर न करता म्हणाले, "गझाला. तुझी दुपारची मैत्रीण खूश होईल." म्हणजे ते झोपायचे नाहीत, बघ. मी तुला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू गावभर केलं असतंस, आणि वर पुन्हा म्हणाली असतीस की बिचारीला शिवता आलं नाही तर. पुढं इतकी वर्षं गेली की सांगायला लाज वाटायला लागली. त्या बाईची नावं दोन होती म्हणालीस ना तू, ज्या दारात जी भाषा तिथं ते. आमच्या दारात हे तिसरं.

माती देऊन घरी आलो. रिक्षात गझाला ते झबलं मांडीवर पसरून गळ्याच्या टिपेवरून बोट फिरवत बसली. घरी येऊन कपाटात ठेवलं तिनं, माझ्या साड्यांवर.

काल सकाळी मी नेहमीसारखा चहा टाकला. उन्हं आत आली होती. ही अजून पालथी झोपलेली, साठी उलटलेली बाई. मी दाराशी उभी राहिले आणि रोज मारते तशीच हाक मारली.

"गझाला, ऊठ."

तिनं डोळे उघडले आणि उठून बसली.